चित्रपट एक, कोअर अनेक

ड्युअल कोअर संगणक घरोघरी येऊ लागले त्या काळात, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, अनेकांना एक कोडे पडत असे. हाय डेफिनिशन दर्जाची व्हिडिओ फाइल लावली की चित्र अडखळे, आवाज पुढे निघून जाई आणि पात्रांच्या ओठांची हालचाल मागे राही. प्रोसेसर कमी पडत असावा असे समजून विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, तर तेथे प्रोसेसरचा वापर जेमतेम पन्नास टक्के दिसे. निम्मी शक्ती शिल्लक असताना चित्र अडखळावे कशासाठी?

उत्तर सरळ होते. व्हिडिओ दाखवणारी आज्ञावली प्रोसेसरच्या दोन कोअरपैकी एकच वापरत असे. तो एक कोअर घामाघूम होई आणि दुसरा रिकामा बसून राही. मग काम दोघांत वाटून का दिले जात नव्हते? कारण व्हिडिओचे काम वाटणीला फार कठीण असते. त्याचे संकोचन ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व वाटणीच्या आड येते. हा पेच सोडवण्यासाठी अभियंत्यांनी गेल्या दोन दशकांत जे मार्ग काढले, त्यांवरच जुना संगणक किंवा साधा फोन नवा व्हिडिओ दाखवू शकेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरत आले आहे.

घड्याळाचा वेग थांबला

संगणकाचा वेग वाढवण्याचा पूर्वीचा उपाय सोपा होता. प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग वाढला, की तीच आज्ञावली आपोआप जलद चाले. मात्र वेगाबरोबर विजेचा वापर आणि उष्णताही वाढत गेली. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ च्या अखेरीस ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. चार गिगाहर्ट्झची जाहीर केलेली आवृत्ती कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. त्यानंतर एकाच चिपवर दोन कोअर बसवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. आयबीएमने आपल्या ‘पॉवर ४’ या प्रोसेसरमध्ये २००१ मध्येच तसे केले होते. २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ घरगुती बाजारात आले. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस चार कोअरचे प्रोसेसरही मिळू लागले.

अनेक प्रोसेसरना एकाच कामाला जुंपण्याची कल्पना नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच समांतर पद्धतीने चालत असे. पण महासंगणकासाठी आज्ञावली लिहिणारे मुळातच वाटणीचा विचार करून लिहीत. घरगुती संगणकांवरच्या बहुतेक आज्ञावली मात्र एकामागून एक पायरी अशा क्रमाने लिहिलेल्या होत्या. दुसरा कोअर बसवल्याने त्यांच्या वेगात काहीच फरक पडत नव्हता.

व्हिडिओ उलगडताना काय घडते?

पूर्ण हाय डेफिनिशन चित्राच्या एका फ्रेममध्ये आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात. रंगांची माहिती नेहमीच्या पद्धतीने साठवली, तर असंकुचित फ्रेमला सुमारे ३.१ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट होतात. ब्लू-रे तबकडीवर व्हिडिओसाठी कमाल मर्यादा सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे अवघी पाच मेगाबाइट आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या व्हिडिओला तर त्याहूनही कितीतरी कमी जागा मिळते. म्हणून पाठवणारा व्हिडिओ आवळून सांकेतिक रूपात पाठवतो आणि पाहणाऱ्याचे यंत्र तो उलगडते. या उलगडण्यालाच डिकोडिंग म्हणतात.

२००३ मध्ये मान्य झालेले एच.२६४ हे मानक या क्षेत्रात सर्वाधिक रुजले. त्यात प्रत्येक फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. त्यांना मॅक्रोब्लॉक म्हणतात. पूर्ण हाय डेफिनिशन फ्रेममध्ये आडवे १२० आणि उभे ६८, असे एकूण ८,१६० चौकोन होतात. डिकोडरला प्रत्येक चौकोनावर साधारण तीन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे आलेल्या बिटांच्या प्रवाहातून आकडे वाचून काढणे. दुसऱ्या कामात शेजारच्या चौकोनांवरून किंवा आधीच्या फ्रेमवरून या चौकोनाचा अंदाज बांधायचा आणि त्यात फरकाचे आकडे मिळवायचे. तिसरे काम चौकोनांच्या कडांवर दिसणाऱ्या रेषा पुसट करण्याचे. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर या साऱ्यासाठी प्रत्येक फ्रेममागे सरासरी ४० मिलिसेकंद मिळतात. ही मर्यादा सतत ओलांडली गेली की चित्र अडखळते.

परावलंबित्वाची साखळी

संकोचनाचे सारे रहस्य पुनरावृत्ती टाळण्यात आहे. निळ्या आकाशाचा एक चौकोन शेजारच्यासारखाच असेल, तर ‘शेजाऱ्यासारखा’ एवढेच सांगितले जाते. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत हलत नसेल, तर ‘मागच्या फ्रेममधून घ्या’ अशी सूचना पुरते. अशा सूचना जितक्या जास्त, तितकी फाइल लहान होते.

परंतु ‘शेजाऱ्यासारखा’ या सूचनेचा दुसरा अर्थ असा, की शेजारी उलगडल्याशिवाय हा चौकोन उलगडता येत नाही. एच.२६४ मध्ये एखाद्या चौकोनाला डावीकडचा, वरचा आणि वरच्या ओळीतील दोन्ही बाजूंचे चौकोन तयार असावे लागतात. त्यावर फ्रेमची फ्रेमवर अवलंबून राहण्याची साखळी असते. सर्वांत चिवट गाठ मात्र पहिल्याच कामात, आकडे वाचण्यात आहे. एच.२६४ च्या अधिक कार्यक्षम वाचनपद्धतीत प्रत्येक चिन्हाचा अर्थ आधी वाचलेल्या चिन्हांवर ठरतो. त्यामुळे मधूनच वाचायला सुरुवात करता येत नाही. संकोचनाला परावलंबित्व हवे असते, तर समांतर कामाला स्वातंत्र्य. त्यामुळे एकाला झुकते माप दिले की दुसऱ्याला तोटा होतो.

कामानुसार वाटणी

पहिला मार्ग सहज सुचण्यासारखा आहे. मोठ्या कार्याच्या स्वयंपाकघरात एक जण कणीक मळतो, दुसरा पोळ्या लाटतो आणि तिसरा भाजतो. त्याप्रमाणे एक कोअर आकडे वाचील, दुसरा चित्र घडवील आणि तिसरा कडा पुसट करील. ही पद्धत दोन-तीन कोअरपर्यंत बऱ्यापैकी चालते. मात्र सर्वांत संथ कामावर साऱ्यांचा वेग ठरतो. भाजणारा मागे पडला, तर लाटणाऱ्याच्या चपळाईचा उपयोग नाही. शिवाय कोणते काम जड, हे दृश्यागणिक बदलते. क्रिकेटच्या सामन्यात गर्दीवरून कॅमेरा फिरतो तेव्हा आकडे वाचणारा अडतो. स्थिर दृश्यात तोच रिकामा राहतो. कामाचे प्रकार तीन-चारच असल्याने आठ कोअर मिळाले तरी त्यांना देण्यास काम उरत नाही.

कापांची वाटणी

दुसरा मार्ग मानकानेच खुला ठेवला होता. एका फ्रेमचे आडवे काप, म्हणजे स्लाइस पाडता येतात. एका कापातील चौकोन दुसऱ्या कापातील चौकोनांवर अंदाज बांधत नाहीत आणि आकडे वाचण्याची सुरुवातही प्रत्येक कापात नव्याने होते. चार काप असतील, तर ते चार कोअरना सरळ वाटून देता येतात. ब्लू-रेच्या नियमांत एच.२६४ च्या ४.१ या पातळीवरच्या व्हिडिओसाठी प्रत्येक फ्रेमचे किमान चार काप असावेत, असे बंधन आहे.

या सोयीची किंमत संकोचनात मोजावी लागते. कापाच्या सीमेवर शेजाऱ्याची मदत तुटते आणि फाइल थोडी फुगते. त्याहून मोठी अडचण अशी, की काप पाडायचे की नाही हे पाठवणारा ठरवतो. पाहणाऱ्याच्या यंत्राला आलेला प्रवाह निमूटपणे स्वीकारावा लागतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या असंख्य फाइल एक्स२६४ या लोकप्रिय आज्ञावलीने तयार झालेल्या असत आणि तिच्या नेहमीच्या मांडणीत अख्खी फ्रेम एकाच कापात असे. अशा फाइलपुढे कापांची वाटणी करणारा डिकोडर हतबल ठरे. सुरुवातीला सांगितलेल्या कोड्यामागे हेही एक कारण होते.

फ्रेमची वाटणी

मग काप नसलेल्या फाइलचे काय? तेथे पूर्ण फ्रेमच वेगवेगळ्या कोअरना देण्याची युक्ती कामी आली. दुसरी फ्रेम पहिलीवर अवलंबून असली, तरी ती पहिलीच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच वेळी अवलंबून नसते. दुसऱ्या फ्रेमच्या वरच्या ओळींना बहुधा पहिल्या फ्रेमच्या वरच्याच भागाची गरज लागते. म्हणून पहिल्या फ्रेमच्या काही ओळी तयार होताच दुसरा कोअर दुसरी फ्रेम सुरू करतो, त्याच्या मागोमाग तिसरा तिसरी. प्रत्येक जण आपण कितव्या ओळीपर्यंत पोहोचलो हे नोंदवत जातो. मागच्याला अजून तयार न झालेली ओळ हवी असेल, तर तो तेवढ्यापुरता थांबतो. एच.२६४ मध्ये आकडे वाचण्याची सुरुवात प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने होत असल्याने पहिल्या कामाची चिवट गाठही येथे सैल होते.

फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पात या पद्धतीचे काम २००८ मध्ये हाती घेण्यात आले आणि २०११ मध्ये ते मुख्य आज्ञावलीत समाविष्ट झाले. व्हीएलसीसह अनेक प्लेअर एफएफएमपेगचेच डिकोडर वापरतात. त्यामुळे नवा संगणक न घेताही अनेकांच्या यंत्रांवर अडखळणारे चित्र सुरळीत चालू लागले.

या पद्धतीतही उणिवा आहेत. चार फ्रेम एकदम हाताळल्या की पहिले चित्र पडद्यावर येण्यास तीन फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १२० मिलिसेकंदांचा उशीर होतो. चित्रपट पाहताना तो जाणवतही नाही. समोरासमोर चालणाऱ्या व्हिडिओ संभाषणात मात्र असा उशीर बोलण्याची लय बिघडवतो. फ्रेमऐवजी फ्रेमचे पूर्ण स्वतंत्र गट वाटले, तर कोणालाच थांबावे लागत नाही. पण २५० फ्रेमचा एक गट उलगडून ठेवायला सुमारे पाऊण गिगाबाइट स्मृती लागते. पाहण्यापेक्षा फाइलचे रूपांतर करण्यासाठीच ती पद्धत सोयीची.

तिरकी लाट

चौथा मार्ग सर्वांत देखणा आहे. गवंडी भिंत बांधताना खालच्या थराच्या काही विटा बसल्या, की दुसरा गवंडी त्यावरचा थर सुरू करू शकतो. फ्रेममध्ये दिशा उलटी, वरून खाली. पहिल्या ओळीतील दोन चौकोन तयार झाले, की दुसऱ्या ओळीतील पहिल्या चौकोनाला लागणारे वरचे आणि वर-उजवीकडचे शेजारी उपलब्ध होतात. दुसरी ओळ पहिलीच्या दोन पावले मागे, तिसरी दुसरीच्या दोन पावले मागे, अशी लाट तिरकी सरकत जाते.

तिची मर्यादा कागदावरच काढता येते. पहिल्या ओळीला १२० पावले लागतात. शेवटची, म्हणजे ६८ वी ओळ १३४ पावले उशिरा सुरू होते. म्हणजे अख्ख्या फ्रेमला २५४ पावले लागतात. एकट्या कोअरला ८,१६० पावले लागली असती. सर्व चौकोनांना सारखाच वेळ लागतो असे धरले, तर वेग जास्तीत जास्त सुमारे ३२ पट वाढेल. मध्यावर एकाच वेळी साठ चौकोनांवर काम चालू असते, पण सुरुवातीला आणि शेवटी बहुतेक कोअर रिकामे राहतात. एच.२६४ मध्ये ही लाट फक्त चित्र घडवण्याच्या कामाला लागू पडते. आकडे वाचणे कापाच्या सुरुवातीपासून क्रमानेच करावे लागते.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे आठवतो. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच अखेर एकूण वेग ठरवतो. समजा, वीस टक्के काम क्रमानेच करावे लागते. मग चार कोअर लावून वेग चारपट न होता अडीचपट होतो आणि कितीही कोअर लावले तरी तो पाचपटीला ओलांडत नाही. कोअर एकमेकांची वाट पाहण्यात आणि स्मृतीतून माहिती आणण्यात घालवतात तो वेळ वेगळाच.

नव्या मानकांतील तडजोड

या अनुभवातून एक धडा घेतला गेला. वाटणीची सोय डिकोडर लिहिणाऱ्यावर न सोडता मानकातच करावी, हा तो धडा. २०१३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६५ मध्ये तिरक्या लाटेला अधिकृत स्थान मिळाले. त्यात ६४ बाय ६४ पर्यंतचे मोठे चौकोन असतात. ओळीतील दुसरा चौकोन वाचून झाला, की त्या क्षणाची वाचनस्थिती जतन होते आणि खालची ओळ तेथून पुढे वाचायला लागते. अशा रीतीने आकडे वाचण्याचे कामही लाटेत सामील झाले आणि संकोचनाचे नुकसान थोडे राहिले. याशिवाय फ्रेमचे आडवे-उभे आयताकृती भाग पाडण्याची सोय झाली. त्यांना टाइल म्हणतात. २०२० च्या एच.२६६ मध्ये लाटेतील दोन ओळींमधले अंतर दोन चौकोनांवरून एकावर आणण्यात आले.

गूगल, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदींच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एव्ही१ मध्ये मात्र वाचनस्थिती जतन करणारी अशी लाट नाही. तेथे टाइल आहेत. टाइलची कमाल रुंदी ४०९६ पिक्सेल असल्याने ३८४० पिक्सेल रुंदीची अख्खी फोर-के फ्रेमही एकाच टाइलमध्ये येऊ शकते. म्हणजे पाठवणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येथेही शिल्लक राहिला.

जुन्या यंत्रांचा आधार

व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या फ्रान्समधील संस्थेने २०१८ मध्ये एव्ही१ साठी एक मुक्त डिकोडर जाहीर केला. त्याच्या नावाचा उच्चार ‘डेव्हिड’ असा होतो. लिहिताना इंग्रजी ‘आय’च्या जागी एकचा आकडा घालतात. एव्ही१ मध्ये एका फ्रेमच्या आकड्यांचे वाचन आधीच्या फ्रेमच्या वाचनावर अवलंबून असू शकते. डेव्हिडने त्यावर तोड काढली ती कामे दोन फेऱ्यांत विभागून. आधी एका फ्रेमचे सर्व आकडे वाचून घ्यायचे. ते होताच एकीकडे पुढच्या फ्रेमचे वाचन सुरू करायचे आणि दुसरीकडे पहिल्या फ्रेमचे चित्र घडवायचे. २०२२ मधील १.० या आवृत्तीत टाइल आणि फ्रेम या दोन्ही वाटण्यांची सांगड आज्ञावली स्वतःच घालू लागली.

डेव्हिडचा वेग केवळ कोअर वाटण्यातून आलेला नाही. प्रत्येक कोअरच्या आतही एक समांतर सोय असते. एकाच आज्ञेने अनेक आकड्यांवर तीच क्रिया करता येते. इंटेलने १९९७ मध्ये एमएमएक्स या नावाने ती घरगुती प्रोसेसरमध्ये आणली आणि पुढे ती रुंदावत गेली. डेव्हिडचा मोठा भाग असेंब्ली भाषेत हाताने लिहिला गेला आहे, तो याच सोयीचा पुरेपूर लाभ घेण्यासाठी. आधी प्रत्येक कोअरला जलद करणे आणि मग काम वाटणे, हा क्रम जवळपास सर्वच यशस्वी डिकोडरांत दिसतो.

आज बहुतेक फोन, दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांत डिकोडिंगसाठी वेगळे खास मंडल असते आणि ते अत्यल्प विजेवर काम करते. मग कोअरच्या वाटणीचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. ते मंडल जन्मतःच जी मानके शिकून येते तेवढीच त्याला कळतात, हे त्याचे उत्तर आहे. फोन विकत घेतल्यानंतर आलेले नवे मानक त्याला शिकवता येत नाही. आज्ञावलीच्या रूपातला डिकोडर मात्र नव्याने उतरवून घेता येतो. नेटफ्लिक्सने २०२० मध्ये अँड्रॉइड फोनवर एव्ही१ पाठवायला सुरुवात केली, ती डेव्हिडच्या भरवशावर. त्यातून तोच दर्जा कमी डेटामध्ये देता आला. महागडा फोन किंवा अमर्याद डेटा नसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. आज्ञावलीने केलेले डिकोडिंग खास मंडलापेक्षा अधिक वीज खाते. वाचलेल्या डेटाची किंमत तेथे बॅटरीतून चुकवली जाते. काम अनेक कोअरवर संथ गतीने वाटले, तर एकाच कोअरला पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा पुष्कळदा वीज कमी लागते, कारण घड्याळाचा वेग उतरवला की लागणारा विद्युतदाबही उतरवता येतो. पण फोनमधील सर्व कोअर सारखे नसतात. काही बलवान, तर काही काटकसरी असतात. काटकसरी कोअरच्या वाट्याला जड फ्रेम आली, तर बलवान कोअरनाही तिच्यासाठी खोळंबावे लागते.

म्हणून प्रोसेसर विकत घेताना खोक्यावर छापलेली कोअरची संख्या पाहून फसू नये. व्हिडिओ किती सुरळीत चालेल हे पाठवणाऱ्याने तो कसा आवळला आहे, मानकात वाटणीची किती सोय आहे, डिकोडर ती किती कौशल्याने वापरतो आणि यंत्रात त्या मानकाचे खास मंडल आहे का, या चार गोष्टींवर अवलंबून असते. जुन्या यंत्रावर चित्र अडखळू लागले, तर नवे यंत्र घेण्याआधी प्लेअरची अद्ययावत आवृत्ती उतरवून पाहणे शहाणपणाचे ठरते. रिकामा बसलेला कोअर कामाला लावण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.